सहा पानें

आमच्या घराच्या मागल्या गॅलरींत एका कुंडींत एक वेल आहे. दिसायला तो अगदीं सामान्य. पानें लांबट, जराशीं जाड, जोडीजोडीनें येणारीं. फुलें इतकीं लहान कीं तीं येऊन गेलेलीं कळतहि नाहींत. घरीं येणारा पाहुणा मोगऱ्याचें कौतुक करतो, तुळशीला नमस्कार करतो, आणि ह्या वेलाकडे पाठ करून चहा पितो. गेल्या श्रावणांत माझी मुलगी माहेरीं आली असतां तिनें मात्र ह्या वेलाकडे बोट दाखवून मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं. तिचा सात वर्षांचा मुलगा रात्रभर खोकत होता. त्याच्या छातींतून ती ओळखीची शीळ ऐकूं येत होती. ही शीळ मीं पन्नास वर्षें स्वतःच्या छातींत ऐकलेली आहे. पण नातवाच्या छातींत ती ऐकणें फार कठीण असतें, हें मला त्या रात्रीं कळलें. सकाळीं ती म्हणाली, "बाबा, तुम्हांला ह्याच पानांनीं गुण आला होता ना? मग ह्याला एक पान दिलें तर?"

"गुण आला" हे दोन शब्द आपण किती सहज उच्चारतों! औषध घेतलें आणि बरें वाटलें, कीं गुण आला. तो कोठून आला, त्याच औषधाच्या वाटेनें आला कीं दुसऱ्याच कोणत्या वाटेनें येऊन त्या दारांत उभा राहिला, हें विचारण्याची आपली चाल नाहीं. मलाहि ती नव्हती. ती लागण्यासाठीं मला एका आषाढांतल्या रात्रीं मृत्यूचें दार पाहून यावें लागलें. परंतु ती हकीकत क्रमानेंच सांगितली पाहिजे.

माझा दमा माझ्या आठव्या वर्षापासूनचा. लोडाला टेकून रात्रच्या रात्र बसून काढणें, खिडकीचे गज धरून पहाटेची वाट पाहणें, आणि इतर मुलें आट्यापाट्या खेळत असतां पंचाचें काम करणें, ह्यांत माझें बालपण गेलें. आईचें औषध अडुळशाचें. परसांत विहिरीच्या कडेला अडुळशाचें झुडूप होतें. पिकलीं पिंवळीं पानें ती तव्यावर टाकी, तीं मऊ पडलीं कीं पाट्यावर ठेचून फडक्यांतून त्यांचा रस पिळी, आणि मध घालून मला चाटवी. त्या रसाची कडू चव आणि आईच्या बोटाला येणारा धुराचा वास मी आजहि विसरलों नाहीं. हें औषध अडाणीपणाचें होतें असें मात्र कोणीं समजूं नये. अडुळशांतील व्हॅसिसीन नांवाचें द्रव्य रसायनशास्त्रज्ञांनीं एकोणिसाव्या शतकांतच वेगळें काढलें होतें. त्याच्याच रचनेवरून पुढें ब्रोमहेक्झीन हें औषध तयार झालें, आणि १९६० नंतरच्या दशकांत तें बाजारांत आलें. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर हें नांव असतें; पिणाऱ्याला मात्र आपण आजीच्या परसांतल्या झुडपाचा एक दूरचा नातलग पीत आहों हें ठाऊक नसतें. अडुळसा कफ सोडवितो. पण दमा म्हणजे केवळ कफ नव्हे. दम्यांत श्वासनलिकांचें अस्तर सुजतें आणि त्यांच्या भोंवतालचे स्नायू आंवळले जातात. तेथें अडुळशाचा इलाज कितपत चालतो ह्याविषयीं पुरावा फारच तोकडा आहे. आईला हें शास्त्र ठाऊक नव्हतें, पण तिला दुसरें एक ठाऊक होतें. ती म्हणे, "होळी पेटली कीं ह्याचा दम बसतो, आणि पहिला पाऊस पडला कीं उठतो." ह्या वाक्यांत किती मोठें निदान होतें, हें समजायला मला चाळीस वर्षें लागलीं.

ह्या कुंडींतल्या वेलाची गोष्ट पुढची. अकरा वर्षांपूर्वीं, माघ महिन्यांत, संस्कृत शिकविणारे आमचे एक सहकारी माझ्या घरघरीला कंटाळून मला म्हणाले, "प्रोफेसर, तुम्ही तो पंप ओढतां, त्यापेक्षां सहा दिवस हें पान खाऊन पाहा." त्यांनीं दिलेलें पान अंतमुळाचें होतें. ह्याला कोणी पित्तमारी म्हणतात, कोणी खडकी रास्ना म्हणतात. वनस्पतिशास्त्रांत ह्याचें नांव टायलोफोरा इंडिका. पूर्वींचें नांव तर टायलोफोरा ॲस्थमॅटिका असें होतें, म्हणजे दम्याची ओळख नांवांतच कोरलेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोरोमांडल किनाऱ्यावर काम करणाऱ्या रॉक्सबर्गनें मात्र ह्याच्या मुळ्यांची शिफारस केली ती ओकारी आणण्यासाठीं, परदेशी इपेकाकच्या ऐवजीं. हा तपशील मला आधीं ठाऊक असता तर पुढच्या प्रकाराचें आश्चर्य वाटलें नसतें.

रोज पहाटे, अनशापोटीं, एक पान चावून गिळायचें, आणि वर कांहीं वेळ कांहीं घ्यायचें नाहीं, असा क्रम होता. पहिल्या दिवशीं विशेष कांहीं झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं जीभ सोलवटल्यासारखी झाली. तिसऱ्या दिवशीं मोरीवर धांवावें लागलें. चौथ्या दिवशीं जेवतांना मीं पत्नीला विचारलें, "आज आमटींत मीठ घातलें नाहीं काय?" ती म्हणाली, "घातलें आहे, आणि जरा जास्तच पडलें आहे." माझ्या जिभेवरून खारटपणाच नाहींसा झाला होता! हें सर्व मीं आनंदानें सोसलें. जें औषध इतकें छळतें तें आंत कांहींतरी करीतच असलें पाहिजे, असा मनुष्यस्वभावाचा एक विचित्र तर्क आहे. आणि खरोखरच आठवड्याच्या अखेरीस मला मोकळें वाटूं लागलें. फाल्गुन गेला, चैत्र गेला. मी जिने चढत होतों, तासाला आवाज चढवीत होतों. एप्रिलमध्यें मीं पंप टेबलाच्या खणांत टाकून दिला. ओढल्याबरोबर आराम देणारा निळा पंप तेवढाच नव्हे. सूज खालीं ठेवण्यासाठीं रोज दोन वेळां घ्यावयाचा जो दुसरा, स्टेरॉइडचा, तोहि.

मी केवळ अनुभवावर विसंबून राहिलों असें नाहीं. पदवी घेतलेला मनुष्य आपल्या श्रद्धेला छापील आधार शोधीत असतो. दिल्लींतील एका मित्राकरवीं मीं जुन्या निबंधांच्या प्रती मिळविल्या. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. डी. एन. शिवपुरी ह्यांनीं ह्याच पानाची परीक्षा केली होती, आणि तीहि ऐऱ्यागैऱ्या रीतीनें नव्हे. १९६९ सालीं त्यांनीं मेनन आणि प्रकाश ह्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेली चाचणी दुहेरी अंध होती. म्हणजे खरें पान कोणाला आणि खोटें औषध कोणाला, हें देणाऱ्याला ठाऊक नाहीं आणि घेणाऱ्यालाहि नाहीं. रोगी ११०, रोज एक पान, सहा दिवस. आठवड्याच्या शेवटीं पान खाणाऱ्यांपैकीं शेंकडा ६२ जणांना मध्यम ते पूर्ण आराम वाटला; खोटें औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २८ जणांना. पुढें १९७२ सालीं पानांच्या मद्यार्काची अशीच चाचणी त्यांनीं १९५ रोग्यांवर केली, आणि तिचाहि कौल पानाच्याच बाजूनें पडला. मीं तो बासष्टाचा आंकडा तांबड्या पेन्सिलीनें अधोरेखित केला. त्या वेलाच्या फांद्या मीं किती जणांना वाटल्या ह्याची गणती नाहीं. प्राध्यापकाला एकदां प्रचाराची गोडी लागली म्हणजे त्याच्यापुढें कीर्तनकारहि फिका पडतो.

आणि मग पाऊस आला. आषाढांतल्या एका रात्रीं अडीच वाजतां मी उठून बसलों. प्रथम मीं मनाशीं म्हटलें, सर्दी आहे. तासाभरानें मला एक वाक्य एका दमांत बोलतां येईना. खणांतला निळा पंप काढला, तर तो केव्हांच रिकामा झालेला. पत्नीनें शेजाऱ्यांना उठविलें, आणि मोटारींत पुढच्या फळीवर दोन्ही हात टेकून, मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो तसें तोंड उघडून, मी इस्पितळांत पोंचलों. मुखवट्यावाटें औषधाची वाफ, शिरेंतून स्टेरॉइड, नाकाला प्राणवायु, असें सर्व झाल्यावर दुसऱ्या दिवशीं दुपारीं एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीं माझ्या हातांत एक प्लॅस्टिकची नळी दिली. तिच्यावर मोजपट्टी आणि सरकणारा कांटा. "सर, दीर्घ श्वास घ्या आणि जोरानें फुंका." कांटा १८० वर जाऊन थांबला. माझ्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी मनुष्याचा तो पांचशेंच्या आसपास जातो, असें त्यांनीं सांगितलें. "इतके दिवस त्रास नव्हता?" "मुळींच नव्हता. पांच महिने मी उत्तम होतों." "ह्या पांच महिन्यांत हें कधीं फुंकून पाहिलें होतें?" मीं मान हलविली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं फक्त कागदावर १८० हा आंकडा लिहिला आणि त्याखालीं तारीख घातली.

घरीं परत आल्यावर मीं तेच निबंध पुन्हां वाचले, आणि मला त्यांत दुसराच आंकडा दिसूं लागला. अठ्ठावीस. शंभरांतल्या अठ्ठावीस जणांना ज्यांत कांहीं नव्हतें अशा औषधानें आराम वाटला होता! पहिल्या वाचनाच्या वेळीं ह्या अठ्ठावीस जणांकडे मीं ढुंकूनहि पाहिलें नव्हतें. ते कोण होते? ते खोटारडे नव्हते. तेहि माझ्यासारखेच भल्या पहाटे उठले असतील, त्यांनींहि श्रद्धेनें घोट गिळला असेल, आणि त्यांपैकीं प्रत्येकजण शपथेवर सांगूं शकला असता कीं मला गुण आला. पान खाणाऱ्या बासष्ट जणांतहि असे अठ्ठावीस असणारच; पानाच्या पदरांत टाकतां येतील ते उरलेले चौतीस. मग मी त्या चौतिसांतला कीं ह्या अठ्ठाविसांतला? हें मला कोण सांगणार? माझ्या छातीला विचारावें तर तिची साक्ष दोन्हीं बाजूंनीं सारखीच. शिवाय मीं पान खाल्लें माघांत, आणि मोकळें वाटूं लागलें फाल्गुनांत. होळी पेटली कीं ह्याचा दम बसतो! आई असती तर तिनें तेव्हांच सांगितलें असतें.

१९७९ सालीं अंतमुळाची आणखी एक दुहेरी अंध चाचणी प्रसिद्ध झाली. तींत रोगी १३५ होते, आणि तींत खऱ्या औषधाचा खोट्याहून अधिक लाभ आढळला नाहीं. तो निबंध माझ्या मित्रानें पहिल्या वेळींच पाठविला असता तर मीं तो वाचला असता काय? वाचला असता, आणि त्यांत दोष काढले असते. आवडत्या मताविरुद्धच्या निबंधांतले दोष आपल्याला ताबडतोब दिसतात.

ह्याहून मला अधिक बोध झाला तो एका वेगळ्याच प्रयोगानें. अमेरिकेंतील बोस्टन येथें झालेला हा प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. दम्याच्या रोग्यांना आळीपाळीनें चार प्रकारचे उपचार दिले: खरा साल्ब्युटामॉलचा पंप, खोटा पंप, सुया टोंचल्याचें सोंग, आणि चौथ्या वेळीं कांहींच नाहीं. ३९ रोग्यांनीं तो पुरा केला. दर वेळीं दोन गोष्टी विचारल्या. एक रोग्याला: किती बरें वाटतें? दुसरी यंत्राला: एका सेकंदांत किती हवा बाहेर पडते? यंत्राचें उत्तर स्वच्छ होतें. खऱ्या पंपानें हवा शेंकडा २० नें वाढली. बाकी तिन्हींनीं सारखीच, सुमारें शेंकडा ७. पण रोग्यांचें उत्तर ऐका. खऱ्या पंपानें शेंकडा ५० बरें वाटलें, खोट्यानें ४५, सुयांच्या सोंगानें ४६. कांहींच न केल्यानें मात्र २१. म्हणजे ज्याच्या नळ्या उघडल्या आणि ज्याच्या आंवळलेल्याच राहिल्या, त्या दोघांनाहि जवळजवळ सारखाच आराम! हा आराम खोटा आहे असें मी म्हणणार नाहीं. रात्रभर जागलेल्या मनुष्याला वाटलेला आराम खोटा कसा म्हणावा? पण तो श्वासाचा नव्हे. फाल्गुन ते ज्येष्ठ मी जें सुख भोगलें तें कोणत्या जातीचें होतें, ह्याचा निकाल मला आतां लावतां येत नाहीं. कारण त्या पांच महिन्यांत तारीख घातलेला एकहि आंकडा माझ्यापाशीं नाहीं.

आतां शिवपुरींच्या कामाला मी तुच्छ लेखतों असें मात्र कोणीं म्हणूं नये. आमचे एक वैद्यकी करणारे स्नेही आहेत. "झाडपाला" हा शब्द ते ज्या स्वरांत उच्चारतात, त्या स्वराचा मला वीट आहे. देशी पान हातीं घेऊन, त्याचे गोडवे न गातां, त्याला चाचणीच्या आगींतून काढण्याचें धैर्य त्या गृहस्थांनीं त्या काळीं दाखविलें. ग्रंथाधार देऊन मोकळें होणें त्यांना अधिक सोपें होतें. अडचण त्या पानाचीच आहे. खारटपणा घालविणारें आणि मळमळ आणणारें पान आपली ओळख लपवीलच कसें? ज्याची जीभ सोलवटली त्याला आपण खरें औषध खाल्लें हें कळणारच, आणि एकदां कळलें कीं अंधपणा संपला. त्या वेलाला न्याय द्यावयाचा असेल तर खोटें औषधहि तितकेंच छळणारें शोधलें पाहिजे, रोग्यांचा नेहमींचा पंप चालू ठेवला पाहिजे, आणि दररोज श्वास मोजला पाहिजे. असें कोणी केलें तर त्याचा निकाल मी आनंदानें स्वीकारीन, मग तो कोणत्याहि बाजूचा असो.

औषधी वनस्पतींतून दम्याचें औषध निघणें अशक्य थोडेंच आहे! माझा विषय इंग्रजी वाङ्मय. त्यांतल्याच एका बालकथेनें मला ह्याचें एक उदाहरण गांठून दिलें. आर्थर रॅन्समची 'स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स' ही १९३० सालची कादंबरी पुष्कळांनीं वाचली असेल. तिच्या आरंभीं रॉजर नांवाचा सात वर्षांचा मुलगा उतारावरच्या शेतांतून आईकडे धांवत येतो, पण सरळ नव्हे. आपण शिडाचें जहाज आहों आणि वारा समोरून आहे अशी कल्पना करून तो नागमोडी वळणें घेत येतो. हा रॉजर ज्या मुलावरून घेतला त्याचें नांवहि रॉजरच, रॉजर आल्टुनियन. हा मुलगा पुढें वैमानिक झाला, डॉक्टर झाला, आणि त्याला दमा होता. समोरच्या वाऱ्याशीं झगडणें त्याच्या जन्माला पुजलें होतें म्हणावयाचें! पूर्वेकडील भूमध्य समुद्राच्या कांठीं खेल्ला नांवाची एक वनस्पति होते. मिसर देशांत ती फार प्राचीन काळापासून औषधांत वापरीत. तिच्यांतल्या खेलिन नांवाच्या द्रव्याच्या धर्तीवर एका औषधाच्या कारखान्यांत नवीं नवीं संयुगें तयार होत होतीं. आल्टुनियननें काय करावें? ज्या गिनीपिगच्या कोंड्यानें त्याला दमा उठे त्याचा अर्क तो स्वतः हुंगी, मुद्दाम आपला दमा उठवी, आणि एकेक संयुग घेऊन तो किती अडतो हें पाही. असें एकदोनदां नव्हे, वर्षानुवर्षें, शेंकडों वेळां. त्यांतूनच १९६५ च्या सुमारास सोडियम क्रोमोग्लायकेट हें औषध हातीं आलें. नंतरच्या स्टेरॉइडच्या पंपांपुढें तें आज मागें पडलें आहे, पण एका पिढीच्या मुलांना त्यानें धांवतां येईल असें केलें.

मला त्याच्या शौर्यापेक्षांहि दुसऱ्या एका गोष्टीचें अप्रूप वाटतें. तोच रोगी, तोच वैद्य, आणि तोच साक्षीदार. असें असतांहि "मला बरें वाटतें" एवढ्यावर त्यानें एकदांहि निकाल दिला नाहीं. दर वेळीं तो यंत्रांत फुंकी, आणि आंकडा लिहून ठेवी. मीं सहा पानें खाल्लीं आणि एकहि आंकडा लिहिला नाहीं.

हें सर्व मीं मुलीला सांगितलें. अर्थात् इतकें लांबवून नव्हे. मुलगी सगळें ऐकून म्हणाली, "म्हणजे तुम्हांला त्या पानानें गुण आला नव्हता?" मीं म्हटलें, "ठाऊक नाहीं." बापाच्या तोंडून हें उत्तर तिनें बहुधा प्रथमच ऐकलें असावें. मग मीं तिला जें मला ठाऊक होतें तें सांगितलें: ह्या पानांतलें टायलोफोरिन हें पेशींच्या वाढीला अटकाव करणारें द्रव्य आहे, आणि वाढत्या अंगाच्या मुलाला माझ्या एका फाल्गुनाच्या भरंवशावर मी तें देणार नाहीं, आणि पंप खणांत टाकण्याचें फळ मीं चाखलेलें आहे. त्याच दिवशीं संध्याकाळीं आम्ही त्याला बालरोगतज्ज्ञाकडे घेऊन गेलों. त्यांनीं स्टेरॉइडचा पंप आणि तो ओढण्यासाठीं एक स्पेसर दिला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें, "एवढ्याशा मुलाला पंप!" असें ती म्हणाली. पन्नास वर्षांपूर्वीं पाट्यावर पानें ठेचणाऱ्या माझ्या आईचा चेहरा असाच होत असे.

वेल मीं उपटून टाकला नाहीं. उन्हाळ्यांत त्याला पाणी घालतों. मात्र कोणी पान मागितलें तर मी प्रथम टेबलाच्या खणांतून ती नळी काढून देतों आणि फुंकायला सांगतों. त्यामुळें मागणारे पुष्कळच कमी झाले आहेत.

नातवाला ती नळी फार आवडली. स्वयंपाकघरांतल्या कालनिर्णयावर तो रोज सकाळीं आपला आंकडा लिहूं लागला. आला त्या आठवड्यांत तो १२० फुंकीत होता. जाण्याच्या आदल्या दिवशीं १६५ झाला. मग त्यानें नळी माझ्यापुढें धरली आणि म्हटलें, "आतां आजोबा, तुम्ही." मीं फुंकलें. त्यानें कांटा नीट डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि आपल्या चौकोनांत, आपल्या आंकड्याच्या शेजारीं, वाकड्या अक्षरांत ३४० असें लिहिलें.